संमिश्रणाची मिथ्यकथा आणि नागरिकत्वाचा प्रश्न : पोर्तुगालमधील बहुसांस्कृतिकता व राष्ट्रीय अस्मिता

'लुझोट्रॉपिकल' ही संज्ञा ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तो फ्रेयरे यांनी नोव्हेंबर १९५१ मध्ये पणजी येथील वास्को द गामा संस्थेतील आपल्या व्याख्यानात प्रथम मांडली. 'लुझो' म्हणजे पोर्तुगीज. पोर्तुगीज माणसाला उष्ण कटिबंधातील भूमी आणि तेथील समाज यांच्याशी एकरूप होण्याची उपजत क्षमता लाभलेली आहे, इतर युरोपीय वसाहतवाद्यांप्रमाणे तो वर्णाची भिंत उभी करीत नाही, तो मिसळतो, असा या संज्ञेमागील विचार होता. पुढील दोन दशके हा विचार पोर्तुगीज साम्राज्याच्या समर्थनाचा प्रमुख आधार बनला. साम्राज्य १९७५ मध्ये संपुष्टात आले, परंतु हा विचार मात्र पोर्तुगालच्या राष्ट्रीय आत्मप्रतिमेत टिकून राहिला.

बहुसांस्कृतिकतेची चर्चा करताना ब्रिटन आणि फ्रान्स ही दोनच प्रतिमाने सामान्यतः डोळ्यांसमोर असतात. ब्रिटनने समूहांच्या वेगळेपणाला मान्यता दिली, फ्रान्सने प्रजासत्ताकाच्या नावाने ती नाकारली, अशी ढोबळ मांडणी केली जाते. पोर्तुगालचे उदाहरण या दोहोंत बसत नाही. तेथे बहुसांस्कृतिकता हा स्थलांतरितांच्या आगमनानंतर उद्भवलेला प्रश्न मानला जात नाही. ती राष्ट्राच्या स्वभावातच आहे असे गृहीत धरले जाते. हे गृहीतकच मूळ प्रश्न विचारण्याच्या आड कसे येते, नागरिकत्वाच्या कायद्याने त्याला कसा छेद दिला आणि साहित्याने हा अंतर्विरोध कसा नोंदविला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. सिद्धान्त आणि त्याची उपयुक्तता

फ्रेयरे यांच्या विचाराचे मूळ त्यांच्या १९३३ मधील 'काझा-ग्रांद इ सेंझाला' या ग्रंथात आहे. मालकाचा वाडा आणि गुलामांची वस्ती यांच्या परस्परसंबंधांतून ब्राझीलचा समाज घडला, त्या घडणीत आफ्रिकी लोकांचा वाटा पायाभूत आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. वंशशुद्धीच्या कल्पनांना युरोपात विद्वत्तेची प्रतिष्ठा असण्याच्या काळात ही मांडणी धाडसी होती, हे मान्य केले पाहिजे. सालाझार यांच्या राजवटीने प्रारंभी तिचे स्वागत केले नाही, याचे कारणही हेच. वर्णसंकराची स्तुती त्या राजवटीला रुचणारी नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. वसाहती बाळगणे आंतरराष्ट्रीय व्यवहारात लाजिरवाणे ठरू लागले. १९५१ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून पोर्तुगालने 'वसाहती' हा शब्द वगळला आणि त्या प्रदेशांना 'सागरापलीकडील प्रांत' असे नाव दिले. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्यत्व मिळाल्यावर आपल्याकडे वसाहती नाहीतच, मिन्यो प्रांतापासून तिमोरपर्यंत पसरलेले एकच बहुवांशिक राष्ट्र आहे, अशी भूमिका त्याने घेतली. या भूमिकेला विद्वत्तेचे पाठबळ हवे होते. ते फ्रेयरे यांच्या सिद्धान्ताने पुरविले. १९५१-५२ मधील त्यांचा पोर्तुगाल व वसाहतींचा दौरा सरकारच्या निमंत्रणावरून झाला होता, ही गोष्ट या संदर्भात नजरेआड करता येत नाही.

या सिद्धान्ताचे व्याकरण तपासण्यासारखे आहे. 'पोर्तुगीज मिसळतो' या विधानात कर्ता सदैव पोर्तुगीज असतो. ज्यांच्यात तो मिसळतो ते लोक क्रियेचे केवळ स्थान असतात. त्यांची संमती आणि त्या व्यवहारातील त्यांची हानी यांना वाक्यात जागाच नाही. संमिश्रणाचे फळ अनेकांचे असले तरी श्रेय एकाच्याच नावावर जमा होते. बहुसांस्कृतिकता म्हणजे भिन्न समूहांनी एकमेकांचे समान अस्तित्व मान्य करणे, असा अर्थ घेतला तर लुझोट्रॉपिकल विचार तिची पूर्वावस्था ठरत नाही. तो तिचा पर्याय म्हणून पुढे केला जातो.

अंगोलातील लेखक व विचारवंत मारियो पिंतो द आंद्राद यांनी १९५५ मध्येच 'प्रेझांस आफ्रिकेन' या नियतकालिकात टोपणनावाने लेख लिहून या सिद्धान्ताची चिकित्सा केली होती. इतिहासकार चार्ल्स बॉक्सर यांनी १९६३ मधील आपल्या ग्रंथात पोर्तुगीज साम्राज्यातील वर्णभेदाचे पुरावेच मांडले, आणि त्याबद्दल पोर्तुगालमध्ये त्यांच्यावर कठोर टीका झाली. तथापि या चिकित्सेचा एक आरंभबिंदू याहूनही आधीचा आहे, आणि तो गोव्यात आहे.

२. गोव्यातून दिसणारी दुसरी बाजू

त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांनी १९४४ मध्ये गोमंतकीयांच्या 'विराष्ट्रीयीकरणा'वर एक पुस्तिका लिहिली. धर्म, भाषा, वेष आणि शिक्षण यांच्या द्वारे गोमंतकीय माणसाला त्याच्या स्वतःच्या परंपरेपासून तोडण्यात आले, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९४६ मध्ये त्यांना अटक झाली व पुढे पोर्तुगालमधील पेनिश येथील किल्ल्यात बंदिवासात ठेवण्यात आले. फ्रेयरे पणजीत बोलले ते या घटनेनंतर अवघ्या पाच वर्षांनी. एकाच ऐतिहासिक प्रक्रियेला एकाने 'संमिश्रण' म्हटले, दुसऱ्याने 'विराष्ट्रीयीकरण'. पहिला शब्द राष्ट्राच्या सद्गुणाचा वाचक बनला, दुसरा शब्द लिहिणारा तुरुंगात गेला.

गोव्याचा इतिहास पाहता संमिश्रणाचा सिद्धान्त स्वीकारणे कठीण आहे. १५६० मध्ये स्थापन झालेले धर्मन्यायालय मधला अल्प खंड वगळता १८१२ पर्यंत चालू होते. १६८४ मध्ये स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान निघाले. हिंदूंना समान नागरी हक्क मिळण्यासाठी १९१० मधील प्रजासत्ताकाच्या स्थापनेपर्यंत थांबावे लागले. फ्रेयरे यांना जो गोवा दिसला तो प्रामुख्याने पोर्तुगीज बोलणाऱ्या ख्रिस्ती अभिजनांचा गोवा होता. त्या वेळी लोकसंख्येत बहुसंख्य असलेला हिंदू समाज, त्याच्या शिक्षणाची व वाङ्मयाची मराठी भाषा, आणि सर्वसामान्यांच्या तोंडची कोंकणी, या गोष्टी त्या चित्राच्या चौकटीबाहेर राहिल्या.

स्वतः पोर्तुगीज भाषेत लिहिणाऱ्या गोमंतकीयांचे साहित्यही या चित्राला दुजोरा देत नाही. मडगावात वाढलेले आणि १९४७ मध्ये लिस्बनला गेलेले ओर्लांदो द कॉश्ता यांची 'उ सिग्नु द इरा' (क्रोधाचे चिन्ह) ही कादंबरी १९६१ मध्ये, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. तिच्या केंद्रस्थानी आहेत भाटकारांच्या शेतावर राबणारे ख्रिस्ती कुणबी. धर्म बदलला, नावे पोर्तुगीज झाली, परंतु जात आणि जमीन यांची व्यवस्था जशीच्या तशी राहिली, हे या कादंबरीतून स्पष्ट होते. लिस्बनच्या विज्ञान अकादमीने तिला पुरस्कार दिला. लेखकाला मात्र राजवटीविरोधी कार्यामुळे राजकीय पोलिसांनी वेळोवेळी अटक केली होती.

दुसरे उदाहरण लक्ष्मणराव सरदेसाई यांचे. मराठी कथाकार म्हणून मान्यता पावलेल्या आणि पोर्तुगीज राजवटीत कारावास भोगलेल्या या लेखकाने पोर्तुगीज सत्ता गेल्यानंतर, १९६० च्या दशकात, पोर्तुगीज भाषेत कविता लिहिल्या. सत्तेची भाषा म्हणून जी दूर ठेवली तीच सत्ता गेल्यावर अभिव्यक्तीची एक भाषा म्हणून जवळ करता आली. भाषांचे खरे मिश्रण कोणत्या अटींवर संभवते, याचे हे बोलके उदाहरण आहे. त्यासाठी सक्तीचा शेवट व्हावा लागतो.

३. कायद्याची भाषा

राष्ट्र स्वतःबद्दल काय बोलते आणि त्याचा कायदा काय करतो, यांतील अंतर पोर्तुगालच्या बाबतीत विशेष ठळक आहे. एकसंध बहुवांशिक राष्ट्राची घोषणा चालू असतानाच १९५४ च्या कायद्याने अंगोला, मोझांबिक व गिनी येथील आफ्रिकी लोकांना 'मूलनिवासी' या वेगळ्या कायदेशीर दर्जात ठेवले. त्यांना नागरिकत्वाचे हक्क नव्हते. पोर्तुगीज भाषा, उत्पन्नाचे साधन, 'सुसंस्कृत' वर्तन इत्यादी अटी पूर्ण करणाऱ्यालाच 'आत्मसात झालेला' म्हणून नागरिक होता येई. १९५० मध्ये अंगोलातील आफ्रिकी लोकसंख्येत अशांचे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होते. गोवा, केप व्हर्दे व मकाव यांना हा दर्जा लागू नव्हता. म्हणजे साम्राज्याच्या अंतर्गतही श्रेणी होत्या. १९६१ च्या प्रारंभी अंगोलात सशस्त्र उठाव झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हा कायदा रद्द करण्यात आला. त्यानंतर वसाहतींतील सर्व रहिवासी, निदान कागदोपत्री, पोर्तुगीज नागरिक झाले.

हे नागरिकत्व फार काळ टिकले नाही. २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीने हुकूमशाही संपली, वसाहती स्वतंत्र होऊ लागल्या आणि २४ जून १९७५ च्या अध्यादेशाने नागरिकत्वाची फेरआखणी झाली. ज्यांचा जन्म युरोपातील पोर्तुगालमध्ये वा लगतच्या बेटांवर झाला होता ते व त्यांचे पणतवंडांपर्यंतचे वंशज नागरिक राहिले. वसाहतींत जन्मलेल्या व तेथेच राहणाऱ्या बहुसंख्य आफ्रिकी लोकांनी, आणि लिस्बनमध्ये मजुरी करणाऱ्या अनेकांनीही, पोर्तुगीज नागरिकत्व गमावले. अध्यादेशात वर्णाचा उल्लेख नव्हता. तथापि पूर्वजांच्या जन्मस्थानाची अट घातल्यावर त्या उल्लेखाची गरजही उरली नव्हती.

१९८१ च्या नागरिकत्व कायद्याने ही दिशा कायम केली. तोपर्यंत पोर्तुगीज भूमीवरील जन्म हा नागरिकत्वाचा प्रमुख आधार होता. आता वंशतत्त्वाला प्राधान्य मिळाले. परदेशी आईवडिलांच्या पोटी पोर्तुगालमध्ये जन्मलेल्या मुलासाठी पालकाचे किमान ६ वर्षांचे वास्तव्य आवश्यक ठरले. १९९४ मध्ये या अटी आणखी कडक झाल्या. केप व्हर्देहून १९६० च्या दशकापासून आलेले मजूर लिस्बनच्या बांधकामांवर राबत होते, अमादोरा परिसरातील कोव्हा द मौरासारख्या स्वतः उभारलेल्या वस्त्यांत राहत होते. त्यांची तेथेच जन्मलेली, दुसरा देश न पाहिलेली मुले जन्मतः परदेशी ठरू लागली. २००६, २०१८ व २०२० मधील सुधारणांनी या अटी टप्प्याटप्प्याने शिथिल केल्या. २०२५ मध्ये त्या पुन्हा कठोर करण्याचा विषय संसदेत ऐरणीवर आला.

गोव्याच्या बाबतीत मात्र वेगळे घडले. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांना पोर्तुगीज नागरिकत्वावर हक्क सांगण्याची वाट खुली राहिली. त्यांच्या पुढील पिढ्यांनाही काही अटींवर तो लाभ मिळू शकतो. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नसल्याने हा निर्णय घेणाऱ्याला भारतीय नागरिकत्वावर पाणी सोडावे लागते. तरीही अनेक गोमंतकीयांनी, युरोपात वास्तव्य व नोकरी करण्याच्या हक्कासाठी, तो घेतला. परिणाम असा की पोर्तुगालमध्ये कधीही पाऊल न ठेवलेला, पोर्तुगीज भाषेचा गंध नसलेला माणूस पोर्तुगीज नागरिक होऊ शकतो, आणि लिस्बनमध्ये जन्मून पोर्तुगीजच बोलणारा तरुण दीर्घकाळ परदेशी राहू शकतो. मिश्रणाने स्वतःची ओळख सांगणाऱ्या राष्ट्राने निर्णायक क्षणी वंशावळीचा आणि कागदाचा आधार घेतला, हा या साऱ्याचा निष्कर्ष होय.

४. साहित्याची साक्ष

साम्राज्य संपताच आफ्रिकेतून सुमारे ५ लाख लोक पोर्तुगालमध्ये आले. देशाची तत्कालीन लोकसंख्या सुमारे ९० लाख होती. त्यांना 'रेतोर्नादुश', म्हणजे 'परतलेले', असे नाव मिळाले. त्यांतील अनेकांचा जन्म आफ्रिकेत झालेला होता, पोर्तुगाल त्यांनी पूर्वी पाहिलेलाही नव्हता. जेथे कधी नव्हतोच तेथे 'परत' कसे येणार, ही या शब्दातील विसंगती पुढील साहित्याने नेमकी पकडली.

आंतोनियो लोबो आंतुनेश यांच्या 'अश नाउश' (जहाजे, १९८८) या कादंबरीत सोळाव्या शतकातील साम्राज्याचे नायक १९७० च्या दशकातील लिस्बनमध्ये विपन्न 'परतलेले' म्हणून उतरतात. राष्ट्रकवी कामोंइश याच्यासारखा माणूस वडिलांची शवपेटी घेऊन गोदीवर येतो. महाकाव्याचा नायक शरणार्थी होतो आणि प्रस्थानाचे महाकाव्य परतीच्या विडंबनात रूपांतरित होते. राष्ट्रीय अस्मितेचा जो पाया कामोंइशच्या काव्यावर रचला गेला होता त्यालाच येथे हात घातला आहे.

दुल्स मारिया कार्दोझो यांच्या 'उ रेतोर्नु' (परतणे, २०११) मध्ये हाच अनुभव किशोरवयीन मुलाच्या नजरेतून येतो. लुआंडाहून आलेले त्याचे कुटुंब एश्तोरिल येथील आलिशान हॉटेलात सरकारी खर्चाने राहते. वैभवाच्या खोलीत निर्वासिताचे जिणे, या स्थितीतून 'मातृभूमी' या शब्दाचा अर्थ झिजत जातो. इझाबेला फिगेइरेदो यांच्या २००९ मधील आत्मपर लेखनात मोझांबिकमधील विजेची कामे करणाऱ्या वडिलांचे चित्र आहे. मुलीचे वडिलांवर प्रेम आहे आणि कृष्णवर्णीय मजुरांशी त्यांचे वागणे तिला विसरता येत नाही. सौम्य वसाहतवादाची कथा ज्या घरगुती आठवणींच्या बळावर टिकली होती त्या आठवणींनाच हे पुस्तक साक्षीदार म्हणून उभे करते. ते वादग्रस्त ठरले यात नवल नाही.

तथापि वरील तिन्ही लेखक गौरवर्णीय आहेत आणि त्यांचा विषय प्रामुख्याने साम्राज्य गमावलेल्यांचा आहे. ज्यांना नागरिकत्व गमवावे लागले त्यांचा आवाज मुख्य प्रवाहात उशिरा आला. लुआंडात १९८२ मध्ये जन्मलेल्या व पोर्तुगालमध्ये वाढलेल्या झाइमिलिया परेरा द आल्मेइदा यांची 'लुआंडा, लिझ्बोआ, पाराइझु' (२०१८) ही कादंबरी या दृष्टीने महत्त्वाची आहे. कार्तोला हा अंगोलातील वैद्यकीय साहाय्यक मुलाच्या टाचेवरील उपचारांसाठी त्याला घेऊन लिस्बनला येतो. वासाहतिक काळात पोर्तुगीज डॉक्टरांच्या हाताखाली काम केलेल्या या माणसाच्या मनात लिस्बन हे जणू आपलेच शहर आहे. लिस्बनला मात्र त्याची ओळख नाही. उपचार लांबतात, पैसा संपतो आणि बापलेक शहराच्या कडेला 'पाराइझु', म्हणजे 'स्वर्ग', नावाच्या झोपडवस्तीत येऊन पडतात. 'आत्मसात' होण्याच्या अटी पूर्ण करणाऱ्या माणसाचे शेवटी काय झाले, याचे उत्तर कायद्याच्या ग्रंथांत नाही. ते या कादंबरीत आहे.

५. न मोजलेला भेद

१९७६ च्या राज्यघटनेचे १३ वे कलम वंश, भाषा, धर्म इत्यादी कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई करते. परंतु किती नागरिक आफ्रिकी वंशाचे आहेत हे जनगणना सांगत नाही. २०२१ च्या जनगणनेत वांशिक मूळ विचारावे अशी शिफारस सरकारने नेमलेल्या कार्यगटाने केली होती. राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने २०१९ मध्ये ती स्वीकारली नाही. भेद मोजल्याने भेद पक्का होतो, हा या नकारामागील युक्तिवाद सर्वस्वी निराधार नाही. भारतातील जातिनिहाय गणनेच्या वादामुळे तो येथील अभ्यासकांना परिचितही आहे. परंतु 'आम्ही मुळातच मिश्र आहोत' ही भूमिका जेथे राष्ट्रीय श्रद्धेच्या पातळीवर आहे तेथे न मोजण्याचा एक अर्थ न पाहणे असाही होतो.

१० जून हा पोर्तुगालचा राष्ट्रीय दिन, कामोंइशच्या मृत्यूचा दिवस. हुकूमशाहीच्या काळात तो 'वंशाचा दिवस' म्हणूनही साजरा होई. १९९५ मध्ये याच दिवशी रात्री लिस्बनच्या मध्यवस्तीत कडव्या राष्ट्रवादी तरुणांच्या टोळीने कृष्णवर्णीयांना मारहाण केली. तीत केप व्हर्देत जन्मलेल्या एका तरुण पोर्तुगीज नागरिकाचा मृत्यू झाला. याउलट, ओर्लांदो द कॉश्ता यांचे पुत्र आंतोनियो कॉश्ता २०१५ मध्ये पंतप्रधान झाले व २०२४ पर्यंत त्या पदावर होते. ही दोन्ही उदाहरणे पोर्तुगालचीच आहेत. दुसरे सांगून पहिले पुसता येत नाही, आणि पहिल्यामुळे दुसऱ्याचे महत्त्व कमी होत नाही. एखाद्या अभिजन कुटुंबाचा स्वीकार आणि एका श्रमिक समूहाची उपेक्षा एकाच व्यवस्थेत सुखाने नांदू शकतात, एवढेच यातून सिद्ध होते.

२०१९ मध्ये स्थापन झालेल्या 'शेगा' या उजव्या पक्षाने जून २०२० मध्ये लिस्बनमध्ये मोर्चा काढला. 'पोर्तुगाल वर्णद्वेष्टा नाही' ही त्याची घोषणा होती. हाच पक्ष मे २०२५ च्या निवडणुकीत संसदेतील दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष बनला. बहुसांस्कृतिकतेला विरोध करणाऱ्यांनी संमिश्रणाच्या मिथ्यकथेचा आश्रय घ्यावा, ही घटना वरवर विसंगत वाटते. परंतु 'आम्ही वर्णद्वेष्टे असूच शकत नाही' असे मानणाऱ्याला वर्णद्वेषाची प्रत्येक तक्रार खोटी, किंबहुना राष्ट्राचा अपमान, वाटणे स्वाभाविकच आहे. दरम्यान देशातील परदेशी रहिवाशांची संख्या २०२३ अखेर १० लाखांच्या पुढे गेली. त्यांत ब्राझीलचे लोक सर्वाधिक असले तरी नेपाळ, बांगलादेश आणि भारताच्या इतर भागांतूनही अनेक जण आले आहेत. ज्यांचा पोर्तुगीज साम्राज्याशी वा भाषेशी काहीच संबंध नाही, त्यांना 'मिसळण्याच्या' जुन्या कथेत कोठे बसविणार, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

६. तौलनिक अभ्यासासाठी काही सूत्रे

या विवेचनातून तौलनिक साहित्याभ्यासाला उपयुक्त अशी तीन सूत्रे हाती लागतात. पहिले असे की 'संकर', 'संमिश्रण' यांसारख्या संज्ञा स्वभावतः मुक्तिदायी नसतात. वासाहतोत्तर समीक्षेत संकराला बहुधा सत्तेला शह देणारी शक्ती मानले जाते. पोर्तुगीज साम्राज्याने तीच कल्पना सत्तेच्या सेवेला जुंपली. म्हणून प्रत्येक वेळी वाक्यातील कर्ता कोण, हे तपासणे अगत्याचे ठरते.

दुसरे सूत्र भाषिक समूहासंबंधी आहे. १९९६ मध्ये पोर्तुगीजभाषक देशांचा संघ स्थापन झाल्यापासून 'लुझोफोन साहित्य' ही कोटी अधिक रूढ झाली. ती सोयीची आहे, परंतु तिच्यात गोव्याचे पोर्तुगीज साहित्य गोव्याच्याच मराठी व कोंकणी साहित्यापासून तोडले जाते आणि लिस्बनशी जोडले जाते. ओर्लांदो द कॉश्ता यांची कादंबरी कूळ आणि भाटकार यांच्यावरील मराठी-कोंकणी लेखनाशेजारी ठेवून वाचली तर जातीचा जो प्रश्न लुझोफोन चौकटीत दुय्यम ठरतो तोच केंद्रस्थानी येतो. हे काम भारतीय भाषांच्या अभ्यासकांनाच करता येण्यासारखे आहे.

तिसरे सूत्र कायदा आणि साहित्य यांच्या नात्याचे. नागरिकत्वाचा कायदा एखाद्या दिवशी रेषा आखतो आणि त्या रेषेच्या आधीचे आयुष्य रद्दबातल ठरवितो. कादंबरीला ही सवलत नसते. तिच्यातील पात्रांना आधीचे आयुष्य घेऊनच पुढच्या प्रकरणात जावे लागते. पोर्तुगालमधील बहुसांस्कृतिकतेचा प्रश्न हा पाहुण्यांच्या आदरातिथ्याचा नाही. एकेकाळी आपलेच म्हटलेल्या माणसांशी असलेल्या अपुऱ्या राहिलेल्या हिशोबाचा तो प्रश्न आहे. कायद्याने हा हिशोब १९७५ मध्ये मिटविला, साहित्याने तो २००९ नंतर पुन्हा उघडला. या दोन तारखांमधील अंतर हे राष्ट्रीय अस्मितेच्या अभ्यासाचे एक महत्त्वाचे क्षेत्र आहे.